हिवाळ्यात पाणी नाही

६ ऑक्टोबर २०२४

उमरगा आगारात चौतीस वर्षं मी वाहतूक नियंत्रक होतो. कुठली गाडी किती वाजता आली, किती उशिरा सुटली, का सुटली, सगळं वहीत लिहिलं. स्वतःबद्दल एक ओळ कधी लिहिली नाही. आज लिहायला बसलोय, कारण जे झालं ते सांगायला माणूस नाही आणि पोटात ठेवलं तर घास खाली उतरत नाही.

शिवलीला जाऊन आज नऊ दिवस झाले. सोलापूरच्या दवाखान्यात, ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी पहाटे. दुपारपर्यंत तिला माकणीला घरी आणलं.

आमच्यात माणूस गेला की त्याला बसवून पुरतात. जन्मभर गळ्यात वागवलेलं, रोज हातावर घेऊन पुजलेलं त्याचं स्वतःचं इष्टलिंग डाव्या तळहातावर ठेवतात आणि मगच माती लोटतात. शंभुलिंग स्वामी म्हणाले, "अक्कांचं लिंग आणा." मी देवघरात गेलो. तिची चांदीची डबी पाटावरच होती. उघडली तर रिकामी.

बाहेर दोनशे माणूस. मी मठाच्या कमिटीवर बारा वर्षं आहे. कुणाकडून लिंग हरवलं तर त्याला चार शब्द सुनावणारा मीच. 'बायकोचं लिंग सापडत नाही' हे माझ्या तोंडून निघालं नाही. मी दाराला कडी लावली, माझ्या डबीतलं लिंग काढलं, तिच्या वस्त्रात गुंडाळलं आणि बाहेर नेऊन दिलं. स्वामींनी ते तिच्या हातावर ठेवलं. कुणाला काही कळलं नाही. रुद्रेशलाही नाही, आणि तो पोरगा तर आईचा हात धरून उभा होता.

तेव्हापासून माझ्या गळ्यात रिकामी डबी आहे. फार हलकी लागत होती, म्हणून आत एक सुपारी घातली.

७ ऑक्टोबर

तिचं लिंग कुठं आहे ते मला माहीत आहे. तेवढं तरी माझं नशीब.

ऑगस्टमध्ये तपासणीला नेलं तेव्हा दवाखान्यातल्या बाईंनी तिच्या अंगावरचं सगळं काढून एका पिशवीत घातलं आणि पिशवी खाटेखाली चपलांशेजारी ठेवली. लिंगही त्यातच. ती बाहेर येऊन त्या पिशवीकडे बघून रडली. मी म्हणालो, हा दवाखाना आहे, मठ नाही. यावेळी ऑपरेशनला निघायच्या दिवशी तिनं मला तीनदा विचारलं, "लिंगाचं काय करायचं?" गाडीची वेळ झाली होती, मी पिशव्या बांधत होतो. म्हणालो, "एवढी काळजी असेल तर तुझ्या त्या काट्यांत पुरून ठेव."

ती मागं गेली आणि अर्ध्या तासानं आली. म्हणजे तिनं तसंच केलं.

मागं म्हणजे तिचं शेड. लोखंडी पाइप, वर प्लॅस्टिक, बाजूला हिरवी जाळी. घराच्या मागच्या भिंतीला लागून बांधून घेतलं, मी नको म्हणत असताना. आत नुसते कॅक्टस. आज मोजले. तीनशे बारा कुंड्या.

९ ऑक्टोबर

सकाळी दैवशाला दारात. मागच्या वस्तीवरची, शेळ्या राखते. शिवलीलाच्या हाताखाली कुंड्या भरायला यायची. पदराखाली काहीतरी धरलं होतं.

"अप्पा, अक्कांनी मला..."

मी म्हणालो, दूध नको, आता घरात पिणारं कुणी नाही.

"दूध न्हाय, अप्पा. आत येऊ का जरा? हितं दारात बोलायसारखं न्हाय."

मी म्हणालो, सुतक आहे. आम्ही सुतक पाळत नाही, पण तिला काय कळतंय. मी जातपात मानत नाही, मठात तसं बोलतोही. पण देवघराला लागून सोपा आहे आमचा. गेली बिचारी.

२० ऑक्टोबर

ती परत आली. यावेळी हात मोकळे होते. कठड्याशी उभी राहून विचारते काय, "अप्पा, अक्कांच्या हातात लिंग ठिवलं व्हतं का?"

हिला कुणी विचारायला लावलं? मी आवाज चढवला. "सगळ्या गावानं पाहिलंय. शंभुलिंग स्वामींनी ठेवलंय. तुला काय करायचंय?"

तिचा चेहरा एकदम उतरला. "अक्कांचंच?" असं हळू म्हणाली. मी म्हणालो, दुसऱ्या कुणाचं असणार? मग ती पाठीमागं न बघता गेली. गावात कुजबुज आहे की काय, कळत नाही. आता घाई करायला हवी.

२ नोव्हेंबर

दिवाळीला रुद्रेश चार दिवस राहून पुण्याला परत गेला. जाताना म्हणाला, "अप्पा, ते शेड देऊन टाका कुणाला तरी. तुम्हाला ते आवडतही नव्हतं." मी म्हणालो, बघू. तो गेल्यावर खुरपं घेऊन आत शिरलो.

कुंडी उलटी करायची, झाड बाजूला काढायचं, माती चाळायची, पुन्हा भरायचं. दिवसाला तीन-चारच होतील. काटे म्हणजे दिसतात ते नव्हेत. खरे काटे म्हणजे बारीक कुसळं, ती बोटात जातात आणि दिसत नाहीत.

प्रत्येक कुंडीत आइस्क्रीमची काडी खोचलेली आणि काडीवर तिच्या अक्षरात नाव. मला वाटलं झाडांची नावं असतील. पाहिलं तर उळवी, श्रीशैल, कूडलसंगम, बसवकल्याण, गोकर्ण, हंपी. सगळे गाड्यांचे मुक्काम. माझ्या तोंडून ऐकलेले असतील. झाडांना अशी नावं कुणी देतं का? आगारातून दरवर्षी कुटुंबाचा मोफत पास मिळायचा. पहिली काही वर्षं ती विचारायची. दिवसभर स्टँडवर उभं राहिलेल्या माणसाला पुन्हा गाडीत बसायची हौस नसते, हे तिला पुढं कळलं असावं, कारण विचारायचं बंद केलं.

तिची एक वहीही सापडली. पाणी किती, माती कशी, असलं सगळं. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात: 'हिवाळ्यात पाणी नाही. झोपू द्यायचं.'

२४ नोव्हेंबर

थंडी पडली. धरणाकडून वारा येतो.

रोज सकाळी पूजेला बसतो, कारण समोरच्यांच्या ओसरीतून देवघर दिसतं आणि बसलो नाही तर लोक विचारतील. डावा तळहात पुढं धरतो. त्यावर काही नाही. रिकाम्या हातावर पाणी घालतो, भस्म लावतो, फूल ठेवतो. ते पाणी तीर्थ म्हणून पिववत नाही आणि मोरीतही ओतवत नाही. म्हणून मागच्या खिडकीतून टाकतो. शेडच्या छतावरून वाहून जातं.

लिंगाची पूजा म्हणजे तळहातावरच्या लिंगाकडे टक लावून बघत बसायचं. हे मी साठ वर्षं केलं. काल करताना एक विचार आला. तीही बसली आहे. मातीखाली, मांडी घालून, डावा हात पुढं. तिच्या हातावर माझं लिंग आहे, आणि ती त्याच्याकडे बघते आहे.

त्रेचाळीस वर्षांत मी तिच्याकडे धड पाहिलं नसेल. आता ती मला बघते, अखंड.

गळ्यातला दोरा कधी कधी खाली ओढला जातो. डबीच्या वजनानं नाही. सुपारीला काय वजन असतं?

११ डिसेंबर

एकशे चाळीस कुंड्या झाल्या. लिंग नाही. काढलेली झाडं मरायला लागली आहेत. वरून हिरवी दिसतात, हात लावला की बुडातून मऊ. वहीत शोधलं तर लिहिलंय, थंडीत मुळांना हात लावायचा नाही. मरू देत. मी झाडं वाचवायला बसलेलो नाही.

मेलेली आणि मरणारी मी कोपऱ्यात ढीग करून टाकली होती. आज दुपारी बाराला आत गेलो. शेडमध्ये बाराचं ऊन पांढरं असतं, सावली पडतच नाही. ढीग नव्हता. झाडं फळीवर ओळीनं मांडलेली. सडलेली मुळं कापलेली आणि प्रत्येकाच्या बुडाला भस्म लावलेलं.

मी बोट लावून पाहिलं. भस्मच. बारीक, राखाडी.

तिच्या कबरीत आम्ही टोपलीभर भस्म घातलं होतं. मी तिथंच मातीत बसलो आणि मला रडू आलं. भीतीनं आलं की कशानं, ठाऊक नाही.

१३ डिसेंबर

शेडच्या दाराला कुलूप लावलं. किल्ली उशाखाली.

आज पुन्हा दहा झाडांना भस्म. कुलूप जसंच्या तसं. आत कुठून तरी शेळीच्या लेंड्या आल्या आहेत, तेही एक. मागचं कुंपण नीट करायला हवं. पण हे कुंपणाचं काम नाही. कुंपणातून भस्म येत नाही.

३० डिसेंबर

दुपारी जेवून पडलो होतो. डोळा लागतोय तोच शेडमधून बाईचा आवाज आला. हळू, अगदी जवळच्या माणसाशी बोलावं तसा. "अक्का," असं म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा, "अक्का."

कोण तिला हाक मारत होतं? आणि ती तिथं असल्याशिवाय हाक कशाला मारेल? मी उठून मागं जाईपर्यंत कुणी नव्हतं.

एक कुंडी मात्र ओली होती. भिंतीला टेकलेली, 'उळवी' लिहिलेली. तीनशे बारांत तेवढी एकच. बाकी सगळ्यांची माती दगडासारखी.

१५ जानेवारी २०२५

उळवीला रोज सकाळी पाणी असतं. मी रोज बघतो. माती चिखल झाली आहे. मी पाणी घालत नाही, कुलूप लावलेलं, आणि तरी रोज ओली. तिची ती लाडकी कुंडी असावी. गुडघ्याएवढा खांब, वर पांढरी लव. आता बुडाला पिवळा पडायला लागलाय.

तिनंच लिहिलंय ना, हिवाळ्यात पाणी नाही? मग आपलंच झाड का मारते आहे? काय सांगायचंय तिला? मी त्या कुंडीची माती तीनदा चाळली. काही नाही. शेवटी कुंडीसमोर उभा राहून म्हणालो, "शिवलीला, कुठं ठेवलंस ते सांग. मी रागावणार नाही." एवढं मोठ्यानं बोललो की स्वतःलाच लाज वाटली. रागावणार नाही, हे वाक्य तिला मी पहिल्यांदाच म्हटलं असेल.

२६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. मठात सामुदायिक पूजा असते, सगळे आपापलं लिंग तळहातावर घेऊन बसतात. मी पहिल्या ओळीत असतो. मी सकाळीच डाव्या हाताला पट्टी बांधली आणि सांगितलं, काटा मोडून हात सुजलाय. स्वामी म्हणाले, "शरणबसप्पा, बायकोचं वेड तुम्ही घेतलंत." लोक कौतुकानं हसले.

मागं भिंतीशी बसलो. दोनशे तळहात, दोनशे लिंगं. मला खूप एकटं वाटलं.

५ मार्च

हात खरोखर सुजला. जिथं पट्टी बांधली होती, तिथंच. काटा कधी गेला ते कळलंही नाही. डॉक्टरांनी चिरा दिला. ताप आहे. खोटं सांगितलं त्याची शिक्षा, दुसरं काय. ती बघते आहे, तिला सगळं दिसतंय.

३० एप्रिल

बसव जयंती. ताप उतरल्यापासून पुन्हा खणतोय. अडीचशे झाल्या. नव्वद झाडं गेली. ज्यांना भस्म लागतं त्यांतली बरीच जगली, वर नवीन काटे फुटले. दोन-तीन तर फुललीसुद्धा, गुलाबी. मला त्या फुलांकडे बघवत नाही आणि बघितल्याशिवाय राहवतही नाही.

मठात माझं भाषण होतं. सगळी माणसं सारखी, लिंगाला जात नसते, असं अर्धा तास बोललो. टाळ्या बऱ्या पडल्या. घरी आलो तर दैवशालाची शेळी आमच्या मागच्या कुंपणात अडकलेली आणि ती सोडवत होती. मी तिच्यावर ओरडलो, पुन्हा या बाजूला दिसलीस तर याद राख. ती शेडकडे बघत म्हणाली, "अप्पा, आता पानी द्यायाचं दिस आलं. उन्हाळ्यात तान्हेली असत्यात." मी म्हणालो, मला शिकवू नको.

मग मलाच कसंतरी झालं. संध्याकाळी सगळ्या कुंड्यांना पाणी घातलं.

२१ मे

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

तीन वाजता वळीव आला. असला वारा मी पाहिला नाही. शेडचं प्लॅस्टिक एका बाजूनं सुटलं आणि फडफडत उडून गेलं. गारा, मग पाणी. मी मागं धावलो, कुलूप उघडेना. जाळीतून बघतो तर आत दैवशाला. अनवाणी, डोक्यावर गोणपाट, दोन्ही काखांत कुंड्या. कुंपणाच्या बाजूची जाळी उचलून बाहेर काढत होती. ती जाळी खालून सुटलेली आहे हे मला आठ महिन्यांत दिसलं नव्हतं.

तिनं मला पाहिलं आणि जागीच थिजली. "अप्पा, नंतर बोला काय ते. आधी हातभार लावा."

आम्ही कुंड्या वाहिल्या. पडवी भरली, सोपा भरला. उरलेल्या कुठं ठेवायच्या? कोरडी खोली एकच, देवघर. ती उंबऱ्याशी थांबली. कुंड्या छातीशी धरलेल्या, अंगावरून पाणी गळतंय, आणि ती पाय उचलेना. मी म्हणालो, "ये आत." तरी उभीच. "ये म्हणतो ना." मग आली.

मी खाली वाकून कुंडी ठेवत होतो. माझ्या गळ्यातली डबी पाटाच्या कडेवर आपटली आणि उघडली. सुपारी बाहेर पडली. गडगडत तिच्या पायापर्यंत गेली आणि थांबली.

आम्ही दोघंही त्या सुपारीकडे बघत राहिलो.

"अप्पा, तुमचं लिंग कुठं हाय?"

मी म्हणालो, "तुझ्या अक्काच्या हातात."

ती मटकन खाली बसली. बराच वेळ नुसती हुंदके देत होती. मग म्हणाली, "आन् अक्काचं माझ्याकडं हाय."

भर पावसात घरी गेली आणि घेऊन आली. नवा कोरा स्टीलचा डबा, आत बेलाची पानं, पानांवर लिंग. कोरडं, स्वच्छ, भस्माची बोटं ताजी.

"दवाखान्याला जाताना अक्कांनी दिलं. म्हनल्या, अप्पा माझ्यासंगं येनार, घरात पूजा कोन करनार? येक दिसबी उपाशी ठिऊ नगंस. पानी कसं घालायचं, भस्म कसं लावायचं, समदं दावलं. अर्धा घंटा बसल्या व्हत्या शेडात माझ्याजवळ. अक्का गेल्यावर म्या घिऊन आलते तुमच्या दारात. तुमी सुतक म्हनलाव. पुन्ना आले तर म्हनलाव, गावानं बघितलंय, अक्कांचंच व्हतं. मग माझ्याजवळ हाय ते काय? चोरीचं म्हनतील ह्या भ्यानं गप ऱ्हायले."

"आणि झाडं?"

"ते बी अक्कांनीच सांगितलं व्हतं. तुमी उपटून टाकत व्हताव, जीव बघवंना. मुळाला चुलीची राख लावली की सडत न्हाय. दुपारी तुमी झोपलाव की यायची."

"अक्का म्हणून हाक कुणाला मारायचीस?"

ती लाजली. "झाडाला. सवय लागली. लिंगाला पानी घालतानाबी तेच म्हनायची. मला मंत्र येत न्हाय."

"मग उळवीला थंडीत पाणी का घातलंस? मेलं ना ते."

"म्या थंडीत येका बी झाडाला पानी घातलं न्हाय, अप्पा. त्ये तुमच्या खिडकीखाली हाय. वर छताला भोक व्हतं. तुमीच रोज सकाळी तांब्या वतायचाव. म्या बघायची, पन कसं सांगू?"

२२ मे

झोप नाही. खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय, म्हणून लिहितो. डबा उघडल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की हिनं शिवलं, आठ महिने. दुसरा विचार यायला वेळ लागला. आठ महिने त्या लिंगाला एक दिवस पाणी चुकलं नाही. मी त्या आठ महिन्यांत रिकाम्या हाताची पूजा केली आणि त्या पूजेच्या पाण्यानं तिचं उळवी मारलं.

त्या अर्ध्या तासात ती काट्यांत काही पुरत नव्हती. जे मला तीनदा विचारून झालं, ते दुसऱ्या कुणाला तरी समजावून सांगत होती. मी तिचं ऐकलं असतं तर. इतकंच आहे सगळं.

११ जून

शंभुलिंग स्वामींना सगळं सांगितलं. कमिटीचा राजीनामाही दिला. ते म्हणाले, विधीनं नवीन लिंग घ्या आणि शिवलीलाचं नदीत सोडा. दीक्षा नसलेल्या, दुसऱ्या जातीच्या बाईच्या हातून पुजलेलं, असं ते काही सांगत होते. मी म्हणालो, स्वामीजी, मी ते घातलंय गळ्यात, आता काढणार नाही. त्यांना आवडलेलं नाही. गावात बोललं जाईल, जाऊ दे.

२७ सप्टेंबर

वर्ष झालं. महिनाभर पावसानं झोडपलं, नदीकाठची शेतं वाहून गेली, पण शेडचं नवं छत टिकलं. एकशे सत्त्याण्णव झाडं आहेत. दैवशाला सकाळी पुढच्या दारानं येते, दुपारी मी आणि ती माती चाळतो. फार बोलत नाही. शेळ्या कुंपणाबाहेर बांधते, तो नियम कायम.

गेल्या महिन्यात उळवीला जाऊन आलो. दोन दिवस गाड्या बदलत. कंडक्टरला मी आगारातला, असं सांगितलं नाही. तिथून चिमूटभर माती आणली आणि त्या रिकाम्या कुंडीत घातली. काडी अजून तिच्यात आहे. नवीन काही लावायचं की नाही, ठरत नाही.

दोरा अजून ओढला जातो. आता भीती वाटत नाही, असं लिहिणार होतो. वाटते. सकाळी तिचं लिंग हातावर घेऊन बघत बसलो की तिकडून तीही माझ्याकडे बघते. आता दोघंही बघतो, एवढाच फरक.

९ नोव्हेंबर २०२५

थंडी सुरू झाली. डॉक्टरांनी छातीच्या तपासणीला सोलापूरला बोलावलंय. दोन दिवसांत परत येईन, पण शिवलीलाही तसंच म्हणून गेली होती.

रुद्रेश, ही वही तुझ्या हाती लागली तर आधी हे पान वाच. माझं लिंग शोधू नकोस, ते तुझ्या आईच्या हातात आहे. स्वामी आले नाहीत तर न येवोत, माझ्या हातावर तिचं ठेव. ते घरात नसेल. दवाखान्याला जाताना दैवशालाकडे देऊन जातोय. ती दारात आली तर तिला आत घे आणि ती काय सांगते ते पुरतं ऐकून घे.

तुझ्या आईच्या आणि तिच्या सांगण्याप्रमाणे करायचं. लिंगाला रोज पाणी. झाडांना हिवाळ्यात नाही.